दगड गेला कुठे?

यवतमाळ ते लोणार हे अंतर सरळ रेषेत सुमारे १७५ किलोमीटर. रस्त्याने दारव्हा, वाशीम करत निघाले, तर वळणे, फाटे आणि चहाचे थांबे धरून दिवसाचा चांगलाच तुकडा मोडतो. लोणारच्या विवराभोवती उडून पडलेल्या मलब्याची ठेवण तपासणाऱ्या काही भूवैज्ञानिकांचे म्हणणे असे, की हे विवर पाडणारा दगड पूर्वेकडून आला आणि क्षितिजाशी ३० ते ५० अंशांचा कोन करून तिरपा आला. ते खरे मानून उलटा हिशेब मांडला, की यवतमाळकरांच्या वाट्यालाही या घटनेचा एक क्षण येतो. तो दगड यवतमाळच्या बाजूच्या आकाशात होता, तेव्हा त्याची उंची शंभर ते दोनशे किलोमीटर असणार, म्हणजे तो वातावरणाच्या उंबरठ्यावर होता. अवकाशातून येणारे असे दगड सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर धावतात. तेव्हा पुढचा सगळा प्रवास त्याने दहा-पंधरा सेकंदांत उरकला असेल.

प्रवासाच्या शेवटी काय उरले ते आज कोणीही कड्यावर उभे राहून पाहू शकतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळजवळ गोल, १३५ ते १५० मीटर खोल खड्डा, आणि तळाशी खारे पाणी. दगड मात्र नाही. त्याचा मुठीएवढा तुकडासुद्धा आजवर कोणाला मिळालेला नाही. एवढा मोठा खड्डा पाडणारी वस्तू गेली कुठे, या प्रश्नावर विज्ञान दीडशे वर्षे अडून बसले. गंमत अशी, की त्याच्या उत्तरासाठी लागणारे गणित टकरींच्या अभ्यासकांनी त्याच्याही आधी दीडशे वर्षे करून ठेवले होते.

विष्णुगया आणि डल्ला

अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलच्या 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आहे. त्यात आजच्या यवतमाळ जिल्ह्यातले कळंब एका सरकारचे, म्हणजे सुभ्याच्या विभागाचे, ठाणे म्हणून येते आणि यवतमाळ 'योत लोहारा' या परगण्याच्या नावात दडलेले सापडते. त्याच वर्णनात लोणारही आहे. ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात, तळ्याभोवती उंच डोंगर आहेत, पाणी खारट आहे, काच आणि साबण करायला लागणारा माल इथे निघतो आणि त्यातून सरकारात चांगला वसूल जमा होतो, असे अबुल फझलने नोंदवले. खड्डा झाला कसा, याच्याशी दरबाराला कर्तव्य नव्हते. खार किती निघतो, याच्याशी होते.

उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर खाराचे थर उघडे पडत. ते वेचणाऱ्यांनी प्रतीप्रमाणे त्यांना नावे ठेवली होती: डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी, नमक. साबण, बांगड्यांची काच, कापड रंगवणे अशा कामांसाठी हा माल दूरदूर जाई.

खड्ड्याचा प्रश्न पडला तो कथाकारांना. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली बिळात राहत होता. विष्णूने पायाच्या अंगठ्याने बिळावरचे झाकण उडवले आणि त्याला मारले. ते झाकण दूर नैर्ऋत्येला ढाकेफळजवळ जाऊन पडले आणि त्याची टेकडी झाली. लोणारचे सुंदर दैत्यसूदन मंदिर याच विष्णूचे. या कथेत एक चोख निरीक्षण आहे: खड्डा आहे, त्या अर्थी त्यातला ऐवज कुठेतरी जाऊन पडला असला पाहिजे. पुढे आलेल्या शास्त्रज्ञांपैकी कित्येकांनी हा प्रश्न इतक्या सरळ विचारला नाही.

जळक्या डोंगराचे तोंड

१८२३ साली अलेक्झांडर नावाचा ब्रिटिश अधिकारी लोणारला येऊन गेला आणि युरोपातल्या वाचकांना या तळ्याची पहिली माहिती मिळाली. भोवती सगळा काळा पाषाण, म्हणजे लाव्हा. लाव्ह्याच्या मुलखात गोल खड्डा दिसला, तर तो ज्वालामुखीचे तोंड समजावा, यात नवल काहीच नव्हते. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आला आणि पाठोपाठ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याची माणसे हातोडे घेऊन फिरू लागली. याच खात्याच्या ह्यूजने वर्धा खोऱ्यातल्या कोळशाची पाहणी करून १८७७ साली तिचा ग्रंथ काढला. वणीचा कोळसा त्याच खोऱ्यातला. वणी तेव्हा वुन जिल्ह्यात होते. हाच जिल्हा १९०५ साली पुसद तालुका जोडून यवतमाळ या नावाने ओळखला जाऊ लागला.

इथल्या जमिनीची घडण नीट लक्षात घ्यायला हवी. यवतमाळ जिल्ह्याचा पश्चिम आणि मध्य भाग काळ्या पाषाणावर बसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे लोंढे एकावर एक पसरून गोठले, त्याचे हे थर. झरी जामणी तालुक्यात शिबला-पार्डीजवळ याच पाषाणाचे सहा बाजूंचे रेखीव खांब दिसतात. पूर्वेला वणी, मारेगावकडे हे कवच विरळ होत संपते आणि खालचे जुने खडक वर येतात: कोळसा आणि राजूरच्या भट्ट्यांत भाजला जाणारा चुनखडक. म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याची पूर्वेकडची कड याच जिल्ह्यातून जाते. लोणार त्या कडेपासून बरेच आत आहे आणि तिथे या थरांची जाडी शेकडो मीटर आहे.

सर्वेक्षण खात्याच्या ब्लॅनफर्डने लोणार बारकाईने पाहिले तेव्हा त्याला अडचणी दिसू लागल्या. ज्वालामुखी म्हणावा, तर तोंडातून बाहेर वाहिलेला लाव्हा नाही. राखेचा शंकू नाही. आजूबाजूचे थर आडवे, पण काठाशी येताच बाहेरच्या बाजूला कललेले. मग त्याने गृहीत धरले, की जमिनीखाली कोंडलेल्या वायूंचा एकच प्रचंड स्फोट झाला असावा. नंतर कोणी जमीन फुगून खचल्याचा तर्क लढवला. एक गोष्ट सर्वांनी धरूनच ठेवली होती: जे झाले त्याचे कारण खालून आले. वर पाहण्याचे कारण कोणाला वाटले नाही.

उसळीचा हिशेब

ब्लॅनफर्डच्या या पाहणीच्याही दोन शतके आधी युरोपात टकरींवरून मोठा वाद झाला होता. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४४ साली टकरीचे सात नियम छापले. त्यातले बहुतेक चुकले होते. १६६८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने विद्वानांना विचारले, की दोन वस्तू आदळतात तेव्हा नेमके काय होते. वॉलिस, रेन आणि हायगेन्स या तिघांनी उत्तरे धाडली. रेन आणि हायगेन्स यांनी पुरेपूर उसळणाऱ्या वस्तूंचा विचार केला. वॉलिसने उलट टोक घेतले: आदळून एकमेकांना चिकटणाऱ्या, अजिबात न उसळणाऱ्या वस्तू. दोन्ही प्रकारांत वस्तुमान गुणिले वेग, दिशेसकट, टकरीआधी जेवढा तेवढाच टकरीनंतर राहतो. हाच संवेग.

मधल्या सगळ्या टकरींचे काय, ते न्यूटनने पाहिले. दोऱ्याला गोळे टांगून त्याने ते एकमेकांवर सोडले आणि १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त आकडे दिले. घट्ट वळलेले लोकरीचे गोळे ९ वेगाने जवळ आले, तर ५ वेगाने दूर जातात. पोलादाचे गोळेही जवळपास तसेच. काचेचे गोळे मात्र १६ ला १५. या गुणोत्तराला आपण इथे उसळीचे गुणोत्तर म्हणू. एक म्हणजे पुरेपूर उसळी, शून्य म्हणजे जागीच बसणे.

टेनिसच्या चेंडूची आजची कसोटी याच गुणोत्तराची आहे. २५४ सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. उंचीतला राहिलेला साधारण ४५ टक्के वाटा कुठे गेला? चेंडू चपटा होताना आणि पुन्हा फुगताना त्याचे रबर आतल्या आत घासते, त्यात गेला. थोडा आवाजात, थोडा जमिनीच्या कंपात गेला. सरतेशेवटी त्यातला बहुतेक भाग उष्णता झाला. खेळ संपल्यावर चेंडू हातात धरला तर कोमट लागतो. संवेगाचा जमाखर्च न उसळणाऱ्या टकरीतही जुळतो. गतीमुळे असणाऱ्या ऊर्जेचा, म्हणजे गतिज ऊर्जेचा, जुळत नाही असे वाटते, कारण ती वेश पालटून बसलेली असते.

ही ऊर्जा वेगाबरोबर कशी वाढते, ते दाखवले नेदरलँड्समधल्या ग्रेव्हझांडने. १७२२ साली त्याने सारख्या आकाराचे, पण कमीजास्त वजनाचे पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीवर टाकले आणि पडलेले खळगे मोजले. वेग दुप्पट झाला, की खळगा पाडण्याची ताकद दुप्पट न होता चौपट होते, असे निघाले. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने १७४० च्या आपल्या ग्रंथात या प्रयोगाचे महत्त्व ओळखून बाजू मांडली. लोणारचे कोडे सुटायला हवे होते ते नेमके हेच: वेगाचा वर्ग. पण ओल्या मातीतल्या खळग्यांचा दख्खनच्या पाषाणाशी काही संबंध असेल, हे सुचायला कोणी तसा माणूस लागणार होता.

गिल्बर्टचे मातीचे गोळे

तो माणूस जवळजवळ मिळाला होता. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा अमेरिकेतला त्या काळचा पहिल्या फळीचा भूवैज्ञानिक. चंद्रावरची विवरे आघाताने झाली असावीत, अशी त्याला शंका होती. मातीच्या थरावर मातीचे गोळे मारून त्याने त्यांचे खळगे तपासले आणि १८९३ साली त्यावर निबंध लिहिला. एक गोष्ट त्याला सतावत राहिली. गोळा सरळ मारला तर खळगा गोल, तिरपा मारला तर लांबट. चंद्रावर दगड सगळ्या दिशांनी यायला हवेत, मग तिथली विवरे गोल कशी?

१८९१ साली गिल्बर्टने ॲरिझोनातल्या एका मोठ्या खड्ड्याची पाहणी केली होती. आसपास लोखंडी उल्कांचे तुकडे विखुरलेले होते. त्याने दोन कसोट्या ठरवल्या. लोखंडाचा प्रचंड गोळा जमिनीत रुतून बसला असेल, तर होकायंत्राची सुई हलेल. शिवाय खड्ड्याची जागा गोळ्याने अडवली असेल, तर काठावर फेकली गेलेली माती खड्ड्यात मावणार नाही, उरेल. सुई हलली नाही. मातीही बरोबर मावली. तेव्हा हा खड्डा खालून झालेल्या वाफेच्या स्फोटाचा, असा निकाल त्याने दिला. १८९६ साली छापलेल्या त्या व्याख्यानात त्याने असाच दुसरा खड्डा म्हणून थेट लोणारचा दाखला दिला: आडव्या पाषाणथरांत, लाव्हा न ओकलेला, एकटाच. दोन्ही खड्डे एका जातीचे, हे त्याचे निदान अचूक होते. जात कोणती, ते चुकले.

चूक मोजमापात नव्हती. गोळा जमिनीत शिरतो आणि तिथेच शाबूत राहतो, हे त्याने न तपासता धरले होते. हाताने मारलेल्या मातीच्या गोळ्याचा वेग सेकंदाला काही मीटर. अवकाशातल्या दगडाचा त्याच्या हजारो पट. वेग हजार पट, तर प्रत्येक किलोमागे ऊर्जा दहा लाख पट. एवढ्या ऊर्जेपुढे दगड शाबूत राहील का, हा प्रश्न त्याने विचारला नाही.

त्याच गृहीतकाने डॅनिएल बॅरिंजर या खाण व्यावसायिकाचे दिवाळे काढले. त्याचा आघातावर पक्का विश्वास होता, आणि त्यात तो बरोबर होता. १९०३ पासून त्याने ॲरिझोनाच्या खड्ड्यात विंधणे सुरू केले, तळाशी कोट्यवधी टन लोखंड दडले आहे या आशेने. पंचवीसेक वर्षे खर्च झाली. १९२९ साली खगोलज्ञ मोल्टनने ऊर्जेचा हिशेब मांडून सांगितले, की एवढ्या खड्ड्याला फार तर तीन लाख टनांचा गोळा पुरेसा आहे, आणि त्याचाही बराच भाग धडकेतच उडून गेला असणार. त्याच वर्षी बॅरिंजर वारला.

हिशेबाचे मूळ काम तोवर दुसऱ्या दोघांनी करून ठेवले होते. एस्टोनियाच्या एर्न्स्ट ओपिकने १९१६ साली आणि न्यूझीलंडच्या गिफर्डने १९२४ साली दाखवले, की अशा वेगाने आदळणारी वस्तू रुतत नाही, फुटते. तिचा आघात म्हणजे स्फोटच. आणि स्फोट कोणत्या दिशेने आलेल्या वस्तूचा झाला, याची खड्ड्याला फिकीर नसते. तो चहूबाजूंना सारखा पसरतो, म्हणून तिरप्या आघाताचा खड्डाही गोल निघतो. गिल्बर्टला छळणाऱ्या गोलाईचे उत्तर हे होते. लोणारचा दगड तिरपा येऊनही खड्डा गोल पडला, तो यामुळेच.

दोन टोके

याच काळात टकरीच्या शास्त्राच्या दुसऱ्या टोकाला एक नाजूक काम चालले होते. चंद्रशेखर वेंकट रामन तरुणपणी अर्थखात्यात अधिकारी होते आणि १९१० च्या सुमारास काही काळ नागपूरला नेमणुकीवर होते. पुढे कलकत्त्यात त्यांनी पूर्णवेळ विज्ञान धरले आणि १९१८ साली अगदी मंद वेगाच्या टकरींवर निबंध लिहिला. गोळे एकमेकांवर अलगद सोडायचे आणि त्यांच्या हालचालीची छायाचित्रे घ्यायची. त्यातून दिसले, की वेग जसा कमी होतो तसे उसळीचे गुणोत्तर एकाकडे सरकत जाते. न्यूटनने प्रत्येक पदार्थाला एकच आकडा चिकटवला होता. प्रत्यक्षात तो आकडा वेगावर हलतो. हळू टक्कर झाली, तर पदार्थ दबतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो. वेग वाढला, की कायमचा खळगा पडू लागतो आणि तेवढी उसळी कमी होते.

हाच आलेख वेगाच्या दिशेने पुढे ओढत नेला, की लोणार येते. दगडाचा आकार नेमका किती होता, याचे अंदाज वेगवेगळे आहेत. हिशेबापुरता ६० मीटर व्यासाचा, पाण्याच्या तिप्पट घनतेचा गोळा घेऊ आणि वेग सेकंदाला १८ किलोमीटर धरू. वजन भरते सुमारे ३ लाख ४० हजार टन. त्यातल्या प्रत्येक किलोमागे गतिज ऊर्जा १६ कोटी ज्यूल. एक किलो टीएनटीच्या स्फोटात ४२ लाख ज्यूल ऊर्जा निघते. म्हणजे त्या दगडातला प्रत्येक किलो, केवळ धावतो आहे एवढ्यानेच, जवळजवळ ४० किलो स्फोटक बाळगून होता. एकूण ऊर्जा सव्वा कोटी टन टीएनटीहून जास्त. हिरोशिमावरच्या बॉम्बच्या आठ-नऊशे पट.

आता वॉलिसची न उसळणारी टक्कर लावू. दगड पृथ्वीला चिकटला, दोघांचा संवेग कायम राहिला. पृथ्वीचे वस्तुमान इतके अवाढव्य, की तिच्या वेगात पडलेला फरक सेकंदाला मीटरचा एक लाख-कोटीवा भाग. त्या फरकाने पृथ्वी वर्षभरात केसाच्या जाडीइतकीही सरकणार नाही. संवेग असा पृथ्वीत मुरून गेला. गती म्हणून ऊर्जा जवळपास काहीच उरली नाही. मग ती सगळीच्या सगळी दुसऱ्या रूपांत जायला हवी: पाषाण फोडण्यात, उचलून फेकण्यात, वितळवण्यात, वाफ करण्यात. दगडाला स्वतःच्या लांबीइतके अंतर कापायला सेकंदाचा तीनशेवा भाग पुरला. एवढ्या वेळात ऊर्जेला पसरायला वाट नाही, म्हणून दाब लाखो वातावरणांच्या घरात गेला. त्या दाबाखाली पाषाण काही क्षण द्रवासारखा वागतो. उसळायला वस्तू घट्ट राहावी लागते. इथे दोन्ही बाजूंना घट्ट असे काही राहिलेच नाही.

तळ्यातल्या गाळाखाली

१९६४ साली लाफाँ आणि डीट्झ या शास्त्रज्ञांनी लोणार हे उल्काविवर असावे असे लेखात मांडले, तेही प्रश्नचिन्हासकट. ॲरिझोनात भूवैज्ञानिक शूमेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांना १९६० मध्ये कोएसाइट हे प्रचंड दाबाखालीच बनणारे खनिज सापडले होते. बॅरिंजरचा खड्डा आघाताचाच, हे त्या खनिजाने जवळजवळ नक्की केले. पण कोएसाइट बनते वालुकाश्मातल्या क्वार्ट्झपासून, आणि दख्खनच्या पाषाणात क्वार्ट्झ जवळजवळ नाही. लोणारला दुसरा साक्षीदार शोधणे भाग होते.

लोणार तपासण्याची घाई होण्याचे कारण मात्र चंद्रावरून आले. १९६९ पासून अपोलोचे यात्री तिथले खडक आणू लागले, आणि चंद्राचे काळे डाग म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाणच, हे नक्की झाले. आघाताने बेसाल्टचे काय होते, ते पृथ्वीवर पाहायचे तर असे ताजे, नीट टिकलेले विवर कुठे? जगातली बहुतेक उल्काविवरे वालुकाश्म, चुनखडक, ग्रॅनाइट अशा खडकांत आहेत. तोच दगड अडीचशे किलोमीटर पूर्वेला वणीच्या बाजूला पडला असता, तर विवर झाले असते, पण चुनखडकात. आणि त्याची गणना अनेकांतल्या एकात झाली असती.

अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांनी मिळून तळ्याच्या तळात विंधणे केली. सुमारे शंभर मीटर गाळ ओलांडल्यावर चुरडलेल्या पाषाणाचा राडा लागला. त्यातले तुकडे पातळ चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि साक्षीदार मिळाला: मॅस्केलिनाइट. पाषाणातल्या फेल्डस्पार खनिजावर तीन लाख वातावरणांच्या आसपास दाब क्षणभर पडला, की त्याची स्फटिकांची शिस्त मोडते आणि बाह्य आकार तसाच राहून आत काच होते. ज्वालामुखीत इतका दाब येत नाही. पृथ्वीच्या पाठीवर अशा काचेचे कारण एकच: वेगाचा आघात. व्ही. के. नायक यांनी १९७२ साली लोणारच्या काचेवर लिहिले होते. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या चौघांचा निबंध १९७३ साली 'सायन्स'मध्ये आला आणि शीर्षकातले प्रश्नचिन्ह गेले.

मॅस्केलिनाइट पहिल्यांदा ओळखले गेले तेही भारतात पडलेल्या दगडात. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटीला एक उल्का पडली. १८७२ साली व्हिएन्नाच्या चेर्माकने तिच्यातल्या काचेला हे नाव दिले. ती उल्का मंगळावरून आलेली होती, हे शंभरेक वर्षांनी कळले. मंगळावर कधीतरी अशीच टक्कर होऊन तिथला पाषाण अवकाशात उडाला आणि त्याचा एक तुकडा गयेच्या मुलखात पोचला. त्यातली काच आणि विष्णुगयेच्या तळाखालची काच एका घडणीची निघाली.

लहान दगड, मोठा दगड

मग विदर्भात दगड पडलेले सापडतात ते कसे? २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोलला उल्कांचा वर्षाव झाला. लोकांनी घरांवर, शेतांत पडलेले तुकडे उचलून दिले. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळत्या वस्तूंची माळ गेली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचे मोठे कडे पडलेले मिळाले; ते अग्निबाणाचे अवशेष होते. दोन्ही वेळा वस्तू हाती लागली, विवर पडले नाही.

कारण हवा. लहान वस्तूची हवेशी गाठ पडते तेव्हा तिचे वजन कमी आणि हवेला अडवायला मिळणारी पाठ त्या मानाने मोठी. अवकाशातला वेग उंचावरच संपतो आणि जमिनीपर्यंत ती खूप उंचावरून नुसती सोडलेल्या वस्तूसारखी, ताशी काही शे किलोमीटरनेच येते. साठ मीटरचा दगड हवेला जुमानत नाही. त्याचा बराचसा वेग जमिनीपर्यंत टिकतो. लहान दगड सापडतात कारण ते हळू पडतात. मोठा सापडत नाही कारण तो वेगात पडतो. गिल्बर्ट आणि बॅरिंजर लहान दगडाचा अनुभव मोठ्याला लावत होते.

दगडाचा पत्ता लागला तो एकविसाव्या शतकात, आणि वेगळ्याच ठिकाणी. विवराबाहेर उडालेल्या मलब्यात मिलिमीटरहून लहान काचेचे मणी मिळतात. वितळलेला पाषाण हवेत उडताना थेंब थेंब होऊन गोठला, त्याचे हे मणी. त्यांचे पृथक्करण केले, तेव्हा काहींमध्ये निकेल, क्रोमियम, कोबाल्ट यांचे प्रमाण आसपासच्या पाषाणात असते त्याहून बरेच जास्त निघाले. ही खूण कॉन्ड्राइट जातीच्या दगडी उल्केची आहे. काटोलची उल्काही याच मोठ्या घराण्यातली. म्हणजे दगड नाहीसा झाला नव्हता. तो पाषाणाच्या वाफेत आणि वितळलेल्या रसात मिसळून दख्खनच्या काचेत जाऊन बसला होता. ॲरिझोनाचा लोखंडी गोळाही पंचवीस वर्षे विंधून बॅरिंजरला दिसणार नव्हता, कारण बॅरिंजरला ढीग हवा होता.

एक मोठा प्रश्न अजून मिटलेला नाही: हे घडले कधी? काचेत साठलेल्या किरणोत्साराच्या खुणांवरून १९९७ साली वय आले सुमारे ५२ हजार वर्षे. आर्गॉन या वायूच्या प्रमाणावरून २०११ साली आले सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. दोन आकड्यांत दहा पटींहून अधिक अंतर आहे. पहिला खरा असेल, तर ही टक्कर माणसांनी पाहिली असेल. दुसरा खरा असेल, तर आपल्या जातीची माणसे तेव्हा पृथ्वीवर नव्हती.

लोणारचे तळे नोव्हेंबर २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले होते. बघ्यांची गर्दी तळ्यापाशी आणि मंदिरांपाशी असते. उडालेल्या मलब्याची चादर मात्र काठापासून बाहेर किलोमीटरभराहून जास्त पसरली आहे आणि तिचा मोठा भाग शेतांखाली आहे. शाळेची सहल घेऊन जाणाऱ्या मास्तरांनी मुलांना आधी तिकडे न्यावे. एखाद्या शेताच्या धुऱ्यावर उभे करून टेनिसचा चेंडू खाली टाकायला सांगावा, किती उसळला ते मोजायला लावावे, आणि मग विचारावे, की वेग सेकंदाला १८ किलोमीटर असता तर? जी मुले उत्तराची सुरुवात वेगाच्या वर्गापासून करतील, ती गिल्बर्टच्या एक पाऊल पुढे असतील.